साबणताईंची यादी

साबणताईंचं खरं नाव बालगृहाच्या पगारपत्रकावर होतं आणि त्यांच्या नवऱ्याच्या तोंडी होतं. बाकी कुणाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांनी बालगृहाचं कोठार सांभाळलं. दर रविवारी सकाळी जाळीच्या खिडकीमागे बसून त्या मुलामुलींना साबणाची अर्धी अर्धी वडी द्यायच्या. अर्धीच, कारण अख्खी दिली की मुलं तिच्यातून हत्ती-घोडे कोरत बसायची. शनिवारी कुणाची वडी कोरी करकरीत दिसली की त्यांना पत्ता लागायचा, या गड्याने आठवडाभर अंगाला पाणी लावलेलं नाही. असल्या कामाला मान नसतो, पण माणसं ओळखायला शिकायचं तर एवढी चांगली जागा दुसरी नाही.

त्यांनी पन्नाशी ओलांडली आणि सरकारी खात्याला शहाणपण सुचलं. तोवर बालगृहातलं मूल अठरा वर्षांचं झालं की एका सकाळी त्याच्या हातात एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि भरपूर शुभेच्छा देऊन त्याला फाटकाबाहेर सोडत. पुढे त्याचं काय होतं हे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर उत्तर ऐकवलं नसतं. आता असं ठरलं, की प्रत्येकाला एक खोली द्यायची, एक नोकरी बघून द्यायची, आणि एकवीस वर्षांचं होईपर्यंत एक समुपदेशक द्यायचा. समुपदेशक आणायचा कुठून? तर कोठारातून. साबणताईंना सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथे एका तरुण बाईंनी त्यांना 'सक्रिय श्रवण' शिकवलं. म्हणजे समोरचा बोलत असताना मान डोलवायची आणि मध्ये तोंड घालायचं नाही. "हे आमच्या लग्नाआधी शिकवायला हवं होतं," असं त्यांच्या नवऱ्याचं मत पडलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि दिवसभर गिऱ्हाइकांना अक्षरं वाचायला लावून घरी आल्यावर तो असलं काहीबाही बोलून मोकळा व्हायचा.

ताईंचं कार्यालय म्हणजे सार्वजनिक वाचनालयामागची एक खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, एक कपाट. कपाटाचं दार लागत नसे म्हणून तिसरी खुर्ची कायम त्याला टेकवलेली. दर गुरुवारी एकेक मूल ठरलेल्या वेळी यायचं. मूल म्हणायचं ते सवयीने. काहींना चांगल्या दाढीमिशा होत्या. या मुलांना काय काय शिकवायचं याची खात्याने पाच पानांची यादी दिली होती, तिच्यात 'आत्मभान' वगैरे शब्द होते. ताईंनी ती आदराने कपाटात ठेवली आणि स्वतःची केली. तिच्यात बावीस गोष्टी होत्या. गॅस नीट बंद कसा करायचा, भाडेकरार सही करण्याआधी वाचायचा, तुंबलेली मोरी मोकळी कशी करायची, दारावर आलेल्या विक्रेत्याला नाही कसं म्हणायचं, एका माणसाला भात किती लागतो. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. बालगृहात स्वयंपाकाच्या पाळ्या असतात, त्यामुळे या मुलांना साठ माणसांचा भात डोळे मिटून करता येतो. एकाचा करायला सांगितलं की त्यांचं गाडं अडतं. पहिल्या महिन्यात प्रत्येकाकडे पातेलंभर शिळा भात निघायचाच.

आणखी एक नियम होता, तो यादीत नव्हता, कारण तो ताईंचा स्वतःसाठी होता. बोलावल्याशिवाय कुणाच्या खोलीवर जायचं नाही. हा नियम त्या खजील होऊन शिकल्या होत्या. पहिल्याच वर्षी त्या एका पोराची नवी खोली बघायला गेल्या आणि बालगृहातल्या सवयीने दार ढकलून थेट आत. पोरगा आरशासमोर दाढी करत उभा, अर्ध्या गालावर फेस. तो ओरडला नाही, चिडला नाही. नुसतं म्हणाला, "ताई, ही खोली माझी आहे ना?" ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बालगृहात दारांना आतून कड्या नसतात. मोठी माणसं केव्हाही येतात, गाद्या उचलून बघतात, निघून जातात. अठरा वर्षांत या मुलांच्या दारावर कुणी टकटक केलेली नसते. निदान आपण तरी करायची, आणि तीही बोलावणं आलं तरच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. नव्या घरमालकांनाही त्या पहिल्या दिवशीच तसा दम भरत.

त्यांच्या गुरुवारच्या मुलांत एक मुलगी होती, तिला सगळे घड्याळ म्हणायचे. बालगृहात जेवणाची घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटं ही ताट घेऊन दाराशी उभी असायची, म्हणून ते नाव. अठरा पूर्ण झाल्यावर तिला सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली मिळाली आणि एका मोठ्या लाँड्रीत काम मिळालं. तिथे इस्पितळांच्या चादरी धुतात. चादरीची घडी घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गुरुवारी तिची पाचची वेळ, म्हणजे पाचला पाच मिनिटं कमी असताना ती खुर्चीत बसलेली असायची. बोलणं मात्र मोजून मापून. "कशी आहेस?" "बरी." "काम?" "ठीक." "काही अडचण?" "नाही." साबणताईंचं सक्रिय श्रवण इथे उपाशी मरायचं. तरी पोरीचं बरं चाललं होतं. ताई तिच्याबाबतीत निर्धास्त होत्या, आणि चुकलं ते इथेच.

त्या गुरुवारी पाच वाजले, सव्वापाच झाले, घड्याळ आली नाही. दुसरं कुणी असतं तर ताईंनी खुर्चीतच एक डुलकी काढली असती. ही न येणं म्हणजे काहीतरी भलतंच. साडेपाचला त्यांनी तिला फोन लावला, बंद. लाँड्रीत लावला. तिथल्या मुकादम बाई म्हणाल्या, "ती मंगळवारपासून आलेली नाही. चांगली पोरगी होती हो. निदान सांगून तरी जायचं." त्या 'होती'वर ताईंनी फोन ठेवला.

या कामाच्या आठ वर्षांत अशी दोघं गेली होती. एक दिवस येणं थांबलं, फोन बंद, खोली रिकामी, आणि पुढे काही म्हणजे काही नाही. त्या दोघांच्या फायली कपाटात परत ठेवायला ताईंचा हात झाला नव्हता. त्यात खात्याचा नियम असा, की गुरुवार चुकला आणि कामावरही खाडा पडला तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत साहेबांना कळवायचं. मग तक्त्यात 'स्वतंत्र राहण्यास असमर्थ' असा शेरा पडतो, खोली रांगेतल्या पुढच्याला मिळते आणि मूल सामूहिक निवासात परत जातं. परत म्हणजे परत घंटा, परत रांग. घड्याळ सापडली नाही तर ती हरवली, आणि सापडली तरी तिची खोली जाणार. ताईंना दोन्हीकडून घोर लागला.

"मग जा आणि बघून ये की," संध्याकाळी नवरा म्हणाला.

"बोलावल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही, माहितीये ना तुला?"

"माहितीये. माझ्या बहिणीकडे तर बोलावलं तरी जात नाहीस."

एरवी या बोलण्यावर निदान अर्धा तास जुंपली असती. त्या दिवशी ताईंनी नुसतं ताट बाजूला सारलं, आणि तेव्हा नवऱ्यालाही कळलं की प्रकरण साधं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला फोन वाजला. ताई हातातलं टाकून धावल्या. फोन त्यांच्या लेकीचा होता, दुसऱ्या गावाहून. लेक चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई, बँकेत हाताखाली बारा माणसं. "आई गं," लेक नाकातून म्हणाली, "सर्दीनं डोकं नुसतं जड झालंय. वाफ सकाळी घेऊ की झोपताना?"

"दोन्ही वेळा घे," म्हणून ताईंनी फोन ठेवला आणि त्या तिथेच खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांची बाई नाक गळतंय म्हणून आईला फोन करते. घड्याळ कुणाला करणार? बालगृहात आजारपण सांगावं लागतच नाही. बरं वाटत नसेल तर मूल आजारखोलीत जाऊन पडतं. आपली ताटवाटी खाटेच्या पायथ्याशी ठेवायची, ही तिथली रीत. म्हणजे वाढणाऱ्याला कळतं, या खाटेवर कुणीतरी आहे. संध्याकाळी फेरी होते, डोकी मोजतात, गोळी देतात. तोंड उघडायची वेळच येत नाही. ताईंनी आपली यादी मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत वाचून काढली. गॅस होता, मोरी होती, भात होता. आजारी पडल्यावर काय करायचं, ते बावीस गोष्टींत कुठेच नव्हतं.

त्यांनी नियम बसवला धाब्यावर आणि चपला घातल्या.

सायकलवाला दुकान उघडून नुकताच एका चाकाशी झटापट करत बसला होता. "वरची मुलगी?" तो म्हणाला. "आहे की वर. नळाचा आवाज येतो मधूनमधून."

"तीन दिवस कामावर गेली नाहीये ती. एकदा वर जाऊन बघितलंही नाहीत?"

सायकलवाल्याने पाना खाली ठेवला. "वा ताई! पहिल्या दिवशी तुम्हीच बजावलं होतं ना, आभाळ कोसळलं तरी जिना चढायचा नाही म्हणून? बायको परवा काहीतरी खायला घेऊन निघाली होती, तर मीच अडवली तिला. म्हटलं, ताई माझी सालटी काढतील."

ताई जिना चढल्या. त्यांनी दारावर टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. दार ढकलावं म्हणून हात उचलला आणि आवरला. "घड्याळ, मी साबणताई," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आत येऊ का गं?"

आतून बारीक आवाज आला. "या ना. विचारताय काय?"

ताईंचा जीव भांड्यात पडला. दार नुसतं लोटलेलं होतं. घड्याळ खाटेवर पडून होती, ओठ सुकलेले, डोळे लाल, अंगाला हात लावला तर चटका बसावा. उशाशी पाण्याचा तांब्या होता. आणि खाटेच्या पायथ्याशी एक ताट, ताटात एक वाटी, दोन्ही घासून पुसून लख्ख ठेवलेली.

"हे कधी ठेवलंस?" ताईंनी विचारलं.

"मंगळवारी." मग ती जराशी ओशाळली. "मला माहीत होतं ताई, इथं फेरी नसते. पण ताप चढला आणि तेच केलं. दुसरं सुचलंच नाही."

"अगं, मग फोन नाही का करायचा मला? कितीदा सांगितलंय, अडचण आली तर केव्हाही फोन कर."

घड्याळने त्यांच्याकडे खरोखरच्या आश्चर्याने बघितलं. "ताप ही काय अडचण आहे?"

ताईंनी तोंड फिरवून खिडकी उघडली. ती उघडायला लागला त्याहून जास्त वेळ त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. नळ गळला तर या पोरीने फोन केला असता, भाडेकरार हरवला तर केला असता. स्वतःच्या अंगात काही बिघडलं तर ते कुणाला सांगण्यासारखं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनाही ते सुचलं नव्हतं, कारण ज्यांच्या घरी आई असते त्यांना हे शिकवावं लागत नाही.

सायकलवाल्याने रिक्षा आणली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधा ताप आहे, पण अंगातलं पाणी फार कमी झालंय. आणखी दोन दिवस अशीच पडून राहिली असती तर सलाइन लावून भागलं नसतं. आता भागेल. सलाइन लावलं. बाहेरच्या बाकावर बसून ताईंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब त्यांच्या लेकीहून लहान होता आणि तक्त्यांवर त्याचा फार जीव होता.

"सापडली ना? चला, सुटलो," साहेब म्हणाला. "पण ताई, तीन दिवस तिनं कुणालाच कळवलं नाही? मग ती एकटी कशी राहणार? शेरा मारावा लागेल मला."

"मारा. पण माझ्या नावापुढे मारा. मी तिला बावीस गोष्टी शिकवल्या, ही नाही शिकवली."

"तसा रकाना नाहीये, ताई."

"साहेब, तुम्ही आजारी पडलात की पहिल्यांदा कुणाला सांगता?"

साहेब म्हणाला, "आईला."

"वय काय तुमचं?"

"एकतीस."

"आणि तुम्ही स्वतंत्र राहायला समर्थ आहात, असं खात्याचं मत आहे."

साहेब आधी खोकला, मग हसला. हसला म्हणजे काम झालं, हे ताईंना साबण वाटण्याच्या काळापासून माहीत होतं. त्याने शेऱ्याच्या जागी 'आजारपण' असा एकच शब्द लिहिला आणि खोली वाचली. ताई तिथेच बाकावर मागे टेकून बसल्या आणि त्यांनी बालगृहातल्या मुलांसारखे बाहीने डोळे पुसले. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घड्याळला सोडलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "चल, दोन दिवस माझ्या घरी राहा." ती म्हणाली, "नको. खोली आहे ना माझी." जिन्याशी सायकलवाल्याची बायको पातळ भाताचा डबा घेऊन उभी होती आणि नजरेनेच ताईंची परवानगी मागत होती. ताईंनी हात वर केले. "मला काय विचारता? तिला विचारा." घड्याळ क्षणभर गोंधळली, कारण असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "या ना काकू."

पुढच्या गुरुवारी ताईंनी यादीत तेविसावी गोष्ट लिहिली, 'आजारी पडलं की सांगायचं', आणि घड्याळकडून तिची तालीम करून घेतली. "समज, मी फोन उचललाय. सांग, तुझं डोकं दुखतंय."

"पण नाही दुखत."

"समज दुखतंय."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी काय करणार, डोकं तुझं आहे. मी ऐकेन."

"नुसतं ऐकून ते थांबतं?"

"नाही थांबत."

"मग सांगायचं कशाला?" घड्याळने विचारलं, आणि साबणताईंनी हात टेकले. सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात याचं उत्तर नव्हतं आणि चौतीस वर्षांच्या लेकीकडेही नसावं. तरी त्यांनी तिच्याकडून 'माझं डोकं दुखतंय' हे वाक्य चार वेळा म्हणून घेतलं. चौथ्यांदा घड्याळला हसू फुटलं, आणि ती हसते कशी हे ताईंनी पहिल्यांदा बघितलं.

दोन-अडीच महिने गेले. एका सकाळी ताई भांडी पुसत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी बोलतेय. कालपासून घसा दुखतोय आणि आज अंगही तापलंय. मुकादम बाईंना कळवलंय. थोड्या वेळानं काकू येतायत माझ्याबरोबर दवाखान्यात."

"आलेच मी," ताईंनी एक पाय चपलेत घातलासुद्धा.

"तुम्ही नका येऊ. काकू आहेत." मग घड्याळ जरा थांबली, आणि जे तिने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. न विचारता बोलायला लागली. परवा लाँड्रीत एका चादरीत गुंडाळलेली दातांची कवळी निघाली. मुकादम बाई किंचाळून टेबलावर चढल्या. मग ती कवळी कुठल्या इस्पितळाची यावरून दोन ड्रायव्हर भांडले, आणि शेवटी कवळीचे आजोबा स्वतःच न्यायला आले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी ती लावून बघितली. घसा बसलेला असूनही ती दहा मिनिटं बोलत होती. ताई एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या, आणि पलीकडून दिसत नसतानाही मान डोलवत होत्या.

"चला, काकू आल्या. ठेवते," घड्याळ म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बालगृहातलं मूल फोन आधी ठेवत नाही. मोठं माणूस 'ठेव आता' म्हणेपर्यंत ते कानाला लावून गप्प उभं राहतं, बोलणं कधीच संपलेलं असलं तरी. इतक्या वर्षांत साबणताईंचा फोन यांतल्या कुणी आधी ठेवला नव्हता. त्या हातातल्या बंद फोनकडे बघत खुर्चीवर बसल्या. आधी हसू आलं, मग त्यातच रडू मिसळलं, आणि त्यांनी दोन्हींना येऊ दिलं.

"कोण होतं?" नवऱ्याने चष्म्यावरून बघत विचारलं.

"घड्याळ. ताप आलाय तिला."

"मग जायचं नाही का?"

"नाही," ताई म्हणाल्या आणि पायातली चप्पल काढून ठेवली. "नको म्हणालीये ती."